प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचे आयुष्य : लघवी, नमाज, संसार आणि मन

आमच्या विश्रांतवाडीत नात्यातल्या एका बुजुर्गांचे प्रोस्टेट कॅन्सरचे ऑपरेशन झाले. आम्ही सगळे त्यांना मामू म्हणतो. डॉक्टर म्हणाले, गाठ पूर्ण निघाली. घरात सगळ्यांनी शुकर केला, मामूंनी शुकरान्याची नमाज बसूनच अदा केली. पण त्यानंतर लागोपाठ चार जुमे मामू मशिदीत दिसले नाहीत. "कमजोरी आहे" असे घरातून सांगितले जायचे. खरे कारण मुमानींनी माझ्या बायकोला हळूच सांगितले : लघवीचे थेंब थांबत नव्हते, कपडे पाक राहत नव्हते, आणि सुनेने धुवायला घ्यायच्या आत मामू आपला पायजमा लपवून ठेवायचे.

असे होणार हे त्यांना ऑपरेशनआधी कुणी नीट समजावून सांगितले नव्हते, आणि झाल्यावर कुणाला विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. मी डॉक्टर नाही, मुफ्तीही नाही, शाळामास्तर आहे. वाचून आणि विचारून जे कळले ते एका जागी मांडतो आहे. घरात कुणी साठीच्या पुढचे पुरुष असतील तर हे वाचून ठेवा.

आधी हे समजून घ्या : ऑपरेशन दोन प्रकारचे

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असते, आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढले की बहुतेकांची ही ग्रंथी फुगते. ते कॅन्सर नव्हे. त्या फुगलेल्या ग्रंथीसाठी दुर्बिणीतून आतला भाग खरवडून काढतात. "आमच्या शेजाऱ्यांचे झाले, ते आठवड्यात कामावर गेले" असे आपण ऐकतो ते सहसा हे ऑपरेशन.

कॅन्सरचे ऑपरेशन वेगळे. त्यात पूर्ण प्रोस्टेट आणि त्याला जोडलेल्या वीर्यपिशव्या काढतात. मग मूत्राशयाचे तोंड खालच्या नळीला टाके घालून जोडतात. लघवी अडवणारे दोन दरवाजे असतात. वरचा या ऑपरेशनमध्ये जातो, आणि सगळा भार खालच्या एका स्नायूवर येतो. म्हणून थेंब गळतात. यात रुग्णाची चूक नाही, आणि सहसा डॉक्टरचीही नाही. शरीराची रचनाच बदललेली असते.

पुण्यासाठी हा विषय दूरचा नाही. पुणे, दिल्ली, कोलकाता, तिरुवनंतपुरम अशा शहरांत पुरुषांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये प्रोस्टेटचा नंबर वरचा आहे. वय वाढलेल्यांची संख्या वाढते आहे, तपासण्याही वाढल्या आहेत. पुढच्या काळात आपल्या मोहल्ल्यात असे मामू आणखी असणार.

आकडे काय सांगतात

ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वयाच्या, कॅन्सर ग्रंथीतच असलेल्या १६४३ पुरुषांना तीन गटांत वाटले : ऑपरेशन, रेडिएशन, आणि फक्त नियमित देखरेख. प्रोटेक्ट नावाचा हा अभ्यास जगभर मानला जातो. त्यातले ऑपरेशनच्या गटाचे आकडे असे :

- सहा महिन्यांनी १०० पैकी ४६ जण लघवीसाठी पॅड वापरत होते. सहा वर्षांनी १७ जण.
- उपचाराआधी १०० पैकी ६७ जणांना संबंधासाठी पुरेशी ताठरता येत होती. सहा महिन्यांनी १२ जणांना, सहा वर्षांनी १७ जणांना.
- पंधरा वर्षांनी पाहिले तर तिन्ही गट मिळून प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू १०० मागे तीनच्या आत.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती मला सर्वांत मोलाची वाटते. लघवी आणि संबंधाच्या तक्रारी वेगवेगळ्या असूनही तिन्ही गटांतल्या लोकांची एकूण तब्येत, चिंता आणि उदासी यांत खास फरक नव्हता. म्हणजे त्रास खरा आहे, पण त्याने आयुष्य संपत नाही. माणूस सावरतो. अट एवढीच, की त्याला माहिती आणि साथ मिळावी.

हे आकडे लवकर सापडलेल्या कॅन्सरचे आहेत. आपल्याकडे बरेच रुग्ण उशिरा येतात, तेव्हा निर्णय रिपोर्ट पाहून डॉक्टरच घेतील. पण विचारण्याचा हक्क तुमचा आहे.

ऑपरेशनआधी विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून न्या. मुलगा किंवा भाऊ सोबत असू द्या.

- माझा कॅन्सर किती पसरला आहे? ऑपरेशनच लागेल, की रेडिएशन किंवा देखरेख चालेल?
- ताठरतेच्या नसा वाचवता येतील का? (या नसा प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंनी जातात. त्या जाणीवपूर्वक वाचवण्याची पद्धत अमेरिकेत डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये सुरू केली. कॅन्सर नसांना चिकटला असेल तर ते जमत नाही.)
- तुम्ही अशी किती ऑपरेशने केली आहेत?
- व्यायाम कोण शिकवणार? आत्तापासून सुरू करू का?
- पुढे मूल हवे असेल तर आधी वीर्य साठवून ठेवावे का?

रोबोटचा प्रश्न हमखास येतो. पुण्यात आता रोबोटने ऑपरेशन होते, आणि त्यासाठी लोक दागिने मोडतात. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन इथे ३२६ पुरुषांवर रोबोट आणि पोट उघडून केलेले ऑपरेशन यांची तुलना झाली. रोबोटमध्ये रक्त कमी गेले, सुरुवातीचे दुखणेही कमी. पण दोन वर्षांनी लघवी आणि संबंधाच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच. यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. रोबोट परवडत नाही म्हणून स्वतःला कमनशिबी समजू नका.

पहिले सहा आठवडे

लघवीची नळी साधारण एक ते दोन आठवडे असते. पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवा, नळीला ओढ बसू देऊ नका, पाणी भरपूर प्या. जोर लावून शौच करू नका. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून फळे, भाज्या खा, आणि गरज पडली तर डॉक्टरांकडून औषध घ्या. सिलिंडर, पाण्याची कळशी, नातू असे कुठलेच वजन साधारण सहा आठवडे उचलू नका. दुचाकी कधी चालवायची ते विचारूनच ठरवा. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून चांगले.

लगेच दवाखान्यात जायचे केव्हा : थंडी वाजून ताप आला, नळीतून लघवी येणे बंद झाले, रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, किंवा एकाएकी दम लागला. शेवटच्या दोन गोष्टींत रात्र उलटायची वाट पाहू नका. पायातली रक्ताची गाठ फुफ्फुसात जाऊ शकते.

लघवीवर ताबा परत मिळवणे

नळी काढली की पहिल्या दिवशी बहुतेकांना धक्का बसतो. खोकलो, शिंकलो, खुर्चीतून उठलो की लघवी गळते. बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांत बराच फरक पडतो, आणि सुधारणा वर्षभर चालू राहते.

मुख्य उपाय व्यायाम. डॉ. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये बाळंतीण बायकांसाठी तो मांडला, आज पुरुषांनाही शिकवतात. पद्धत अशी :

- वारा सरू नये म्हणून आपण जो स्नायू आवळतो, तोच आवळा. इंद्रिय किंचित आत ओढल्यासारखे वाटले तर जागा बरोबर आहे.
- पोट, मांड्या, कुल्ले ढिले ठेवा. श्वास रोखू नका.
- पाच सेकंद आवळा, पाच सेकंद सोडा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. एका वेळी दहा वेळा, दिवसातून तीनदा.
- नळी आत असताना करू नका. लघवी करताना धार मध्येच थांबवायची सवयही लावू नका.

आमच्या मामूंनी फज्र, असर आणि इशा या तीन नमाजांनंतर मुसल्ल्यावर बसूनच हा व्यायाम करायचे ठरवले. वेळ वेगळी लक्षात ठेवावी लागली नाही. फिजिओथेरपिस्टने एकदा तपासून शिकवले तर अधिक बरे, कारण निम्मे लोक चुकीचा स्नायू आवळतात असे त्यांना तिथे ऐकायला मिळाले.

एक छोटी युक्ती : उठण्याआधी, खोकण्याआधी, वजन उचलण्याआधी तो स्नायू आवळायचा आणि मगच हालचाल करायची. सजद्यातून कयामला उठताना पोटावर दाब येतो आणि तिथेच थेंब सुटतो. तिथे ही युक्ती उपयोगी पडते.

थेंब पडतात म्हणून पाणी कमी पिणे ही सगळ्यांत मोठी चूक. लघवी घट्ट झाली की मूत्राशय चिडते आणि घाई वाढते. पाणी पुरेसे प्या, फक्त झोपण्याच्या दोन तास आधी कमी करा. चहा-कॉफी कमी करा. आपल्याकडे दिवसाचे सहा कप सहज होतात, ते दोनवर आणा. सिगारेट, तंबाखू बंद. खोकला थांबला की गळणेही कमी होते. शुगर असेल तर ताब्यात ठेवा.

पॅड मेडिकलमध्ये मिळतात. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करून वेगळा द्या. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बहिणींच्या आरोग्यासाठी ही पद्धत सुरू झाली आहे. त्यांचा हात त्यात जाऊ नये ही आपली जबाबदारी.

वर्षभरानंतरही बरेच गळत असेल तर "आता असेच" म्हणून बसू नका. नळीला आधार देणारी पट्टी आणि कृत्रिम झडप बसवण्याची ऑपरेशने आहेत. आणि गळण्याऐवजी धार बारीक होत गेली, जोर लावावा लागू लागला, तर जोडाची जागा आकसली असेल. तेही दाखवा, त्यावर इलाज आहे.

तहारत आणि नमाज

मामूंचे खरे दुखणे इथे होते. "नापाक कपड्यात मशिदीत कसा जाऊ?" हा त्यांचा सवाल. पण दीनमध्ये या अवस्थेसाठी जागा आहे, आणि ती शेकडो वर्षांपासून आहे.

हनफी मसलकात ज्याला एका नमाजच्या पूर्ण वेळेत वुजू करून फर्ज पढण्याइतकीही थेंबांपासून उसंत मिळत नाही, तो माजूर ठरतो. त्याने वेळ सुरू झाल्यावर वुजू करावे, आणि त्या वेळेत त्याच वुजूने फर्ज, सुन्नत, नफिल, तिलावत सगळे करावे. त्या थेंबांनी त्याचे वुजू तुटत नाही, वेळ संपली की तुटते. एकदा माजूर ठरला की पुढच्या प्रत्येक वेळेत एकदा जरी थेंब आला तरी तो माजूरच राहतो. माजूर माणूस निरोगी लोकांची इमामत करत नाही, पण जमातमध्ये उभा राहतो.

शाफई मसलकात, म्हणजे कोकणातल्या आपल्या बहुतेक भावांसाठी, तपशील वेगळा आहे. वेळ सुरू झाल्यावर धुऊन, पॅड किंवा कपडा बांधून, वुजू करून उशीर न लावता नमाज पढायची, आणि प्रत्येक फर्जसाठी नवे वुजू करायचे.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, काही महिन्यांनी एका नमाजची पूर्ण वेळ एकही थेंब न येता गेली तर तुम्ही माजूर राहत नाही, तेव्हा हुकूम बदलतो. दोन, बसून नमाज पढल्याने थेंब थांबत असतील तर ते मुफ्तींना सांगा, त्यानेही मसला बदलतो. तीन, थेंब आला की नाही असा नुसता वहम आल्याने वुजू जात नाही. दर पाच मिनिटांनी तपासत बसू नका. कपडे धुणे, रोजे, आणि हज-उमरात इहराममध्ये पॅड कसा बांधायचा, हे सगळे आपल्या मसलकच्या मुफ्तींना सरळ विचारा. त्यांच्यासाठी हा रोजचा प्रश्न आहे, लाजण्यासारखे त्यात काही नाही. आजाऱ्याला रमजानचे रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे. ऑपरेशननंतर पाणी कमी पडून लघवीत जंतू झाले तर नुकसानच. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय जिद्द करू नका.

मशिदीच्या जिम्मेदारांनाही एक विनंती. एक कमोड, त्यात एक झाकणाचा डबा, पकडायला दांडी, आणि दरवाजाजवळ दोन खुर्च्या. एवढ्या सोयीवर कितीतरी बुजुर्ग जमातमध्ये परत येतील.

नवरा-बायकोचे नाते

यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहितो. प्रोस्टेट काढल्यावर वीर्य येत नाही, सुखाची भावना मात्र येऊ शकते. ताठरता नसांवर अवलंबून असते. नसा वाचवल्या असतील तरी त्या सावरायला दीड-दोन वर्षे, कधी जास्तही लागतात. वय, शुगर, ब्लडप्रेशर यांचाही परिणाम असतो.

इलाज आहेत : गोळ्या, हवेच्या दाबाचे यंत्र, इंजेक्शन, आणि शेवटी कृत्रिम रोपण. पण एक इशारा. छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची गोळी किंवा नायट्रेटचे कोणतेही औषध घेणाऱ्यांनी ताठरतेची गोळी घेतली तर ब्लडप्रेशर एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. मित्राने दिली, मेडिकलवाल्याने दिली म्हणून घेऊ नका. रस्त्याकडेच्या तंबूतल्या "मर्दानी ताकद"वाल्यांपासून तर लांबच राहा. त्यांच्या पुड्यांत काय असते ते कुणी सांगत नाही.

आणि बायकोला सांगा. नवरा गप्प झाला की ती समजते, माझ्यावर नाराज आहे. मुमानींनाही तसेच वाटत होते. सोबत बसणे, हात धरणे, रात्री दोन शब्द बोलणे हेही नातेच आहे. डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जा.

रक्ताची तपासणी आणि भीती

प्रोस्टेट काढल्यावर पीएसए ही रक्ततपासणी दीड-दोन महिन्यांनी जवळजवळ शून्यावर यायला हवी. पुढे ती ठरावीक अंतराने करतात, आधी काही महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. आकडा ०.२ किंवा वर गेला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच आला, तर आजार परतला असे समजतात. त्यावरही रेडिएशन आणि औषधे आहेत. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा आणि सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा.

तपासणीच्या आधीचे आठ दिवस झोप लागत नाही, चिडचिड होते. हे बऱ्याच जणांना होते. पण महिना-महिना उदासी, जेवण नको, कुणाशी बोलणे नको असे झाले तर तोही आजार आहे. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ हा नंबर मोफत आहे.

पैशाची सोय

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन, ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी त्याला भेटा, कारण मंजुरी आधी लागते. माहितीसाठी १५५३८८ हा नंबर आहे. पुणे महापालिकेची शहरी गरीब वैद्यकीय सहाय्य योजनाही आहे, तिची पात्रता महापालिकेच्या आरोग्य विभागात विचारा. विश्रांतवाडीहून ससून जवळ आहे. दुसरे मत घ्यायचे असेल तर मुंबईत परळचे टाटा मेमोरियल आहे. १९४१ पासून ते कॅन्सरवरच काम करते. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि सगळे रिपोर्ट सोबत न्या.

घरच्यांनी काय करावे

सूनबाई, मुलगा, नातवंडे यांनी नाक मुरडू नये, आणि फार दयाही दाखवू नये. बाथरूममध्ये एक झाकणाची बादली ठेवा, कपडे त्यात टाकून स्वतः मशीन लावायला बुजुर्गांना शिकवा. गादीवर प्लॅस्टिकचे अस्तर घाला. बाहेर जाताना छोट्या पिशवीत दोन पॅड आणि एक पायजमा असू द्या. लग्नाकार्याला "तुम्ही घरीच थांबा" म्हणू नका. त्याऐवजी हॉलमध्ये टॉयलेट कुठे आहे ते आधी बघून ठेवा.

आमच्या मामूंना शेवटी घराबाहेर काढले ते एका साध्या गोष्टीने. त्यांच्या धाकट्या मुलाने इमामसाहेबांना मसला विचारला आणि जबाब येऊन घरी सांगितला. मामूंनी तो दोनदा ऐकला. पुढच्या जुम्याला ते अजान झाल्यावर वुजू करून, पॅड बांधून निघाले आणि मागच्या सफमध्ये दरवाजाजवळ खुर्चीवर बसले. आता सहा महिने झाले. थेंब पूर्ण थांबलेले नाहीत, दिवसाला एक पॅड लागतो. पण पायजमा लपवणे थांबले आहे.

ऑपरेशन कॅन्सर काढते. लाज काढण्याचे काम घरच्यांनी आणि जमातीने करायचे आहे. तुमच्या घरात, गल्लीत कुणी असे गप्प बसले असेल तर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि हे वाचून दाखवा. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.